व्हाइटफील्ड: वर्तुळात वसवलेले गाव

बंगळुरूच्या पूर्वेकडील व्हाइटफील्डची स्थापना 1882 मध्ये झाली. म्हैसूरचे महाराज दहावे चामराज वोडेयार यांनी युरेशियन, म्हणजे युरोपीय व भारतीय अशा मिश्र वंशाच्या, आणि अँग्लो-इंडियन लोकांच्या संघटनेला शेतीच्या वसाहतींसाठी सुमारे 3,900 एकर जमीन दिली आणि या समाजाचे पुढारी डी. एस. व्हाइट यांचे नाव गावाला मिळाले. सरकारी नोकरीवर विसंबलेल्या समाजाला स्वतःची जमीन आणि हक्काचे घर मिळावे, हा त्यामागचा विचार दूरदृष्टीचा होता.

गावठाण वर्तुळाकार आखलेले होते; आजही ‘इनर सर्कल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भागात मधल्या मोकळ्या जागेभोवती घरे असून, कौलारू छपरांचे, ऐसपैस आवारांचे काही जुने बंगले तिथे टिकले आहेत. महाराष्ट्रातील जुन्या गावगाड्यात गावकुसू, म्हणजे गावाभोवतीची भिंत, आणि रात्रीची गस्त घालणारा वतनदार जागल्या यांवर जीवित-वित्ताची भिस्त असे. व्हाइटफील्डच्या आखणीत मात्र एकमेकांसमोरची दारे हाच शेजाऱ्यांचा आधार होता, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

1990च्या दशकात भारत-सिंगापूर सहकार्यातून येथे माहिती-तंत्रज्ञान संकुल उभे राहिले, जमिनीला सोन्याचा भाव आला आणि शेतीसाठी दिलेल्या एकरांवर बहुमजली इमारती चढल्या.