देवीची बोळवण

घरात सत्तरी ओलांडलेली आजी असेल, तर तिच्या दंडावरची वाटोळी खूण एकदा पाहावी. गावात ‘देवीडॉक्टर’ येत, मुलांना रांगेत बसवीत आणि पोरे रडून आकांत करीत. त्या दिवसांची ती आठवण आहे. ज्या रोगाला प्रत्यक्ष देवीचे नाव द्यावे लागले, त्याचा धाक केवढा असेल! घरात देवी आल्या की कडुलिंबाचे डहाळे लावायचे, कोणी मोठ्याने बोलायचे नाही, आणि देवी उतरल्या म्हणजे हात जोडून त्यांची बोळवण करायची.

आपल्या देशात देवीची पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईस, एका तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आली. तेव्हापासून भारतातील शेवटचा रोगी आढळेपर्यंत, म्हणजे मे १९७५ पर्यंत, जवळजवळ पावणेदोनशे वर्षे गेली. पुढे ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियातील मेर्का येथे इस्पितळातील एका आचाऱ्याला देवी आल्या. तो बरा झाला. माणसाकडून माणसाकडे चालत आलेली रोगाची साखळी त्याच्यापाशी तुटली. देवीची कायमची बोळवण झाली, असे जगाला वाटले.

तथापि देवीने शेवटचा बळी घेतला तो एखाद्या खेड्यातील झोपडीत नव्हे, तर इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरी, विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात! या महाविद्यालयात प्राध्यापक हेन्री बेडसन यांची देवीच्या विषाणूंवर संशोधन करणारी प्रयोगशाळा होती. तिच्या वरच्या मजल्यावर जॅनेट पार्कर नावाच्या छायाचित्रकार बाईंची काळोखी खोली होती. विषाणूंशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. ११ ऑगस्ट १९७८ रोजी त्या आजारी पडल्या. अंगावर फोड आले तेव्हा प्रथम कोणाच्या मनात देवीची शंकाही आली नाही. पुढे फोडांतील द्राव सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निदान करण्याची वेळ आली, ती खुद्द बेडसन यांच्यावर. आपण कोंडून ठेवलेला शत्रू बाहेर पडला, हे त्या क्षणी त्यांना कळून चुकले असेल. घरी विलग राहत असतानाच त्यांनी आत्महत्येचा मार्ग पत्करला. ७ सप्टेंबरला ते वारले. आजारपणाच्या त्या दिवसांतच जॅनेटबाईंच्या वडिलांचा हृदयविकाराने अंत झाला. ११ सप्टेंबरला त्या स्वतः गेल्या. त्यांच्या आईलाही देवी आल्या, पण त्या वाचल्या.

विषाणू वर कसा गेला? चौकशी समितीने तीन वाटा संभवनीय मानल्या: नळ्यांच्या पोकळीतून वाहणारी हवा, माणसांचा संपर्क, किंवा दूषित साहित्य. विद्यापीठावरील खटल्यात मात्र दोष शाबीत झाला नाही. पण खरा प्रश्न वाटेचा नाहीच. तो न ऐकलेल्या इशाऱ्यांचा आहे. १९६६ साली त्याच इमारतीत काम करणाऱ्या एका छायाचित्रकारालाच सौम्य देवी आल्या होत्या. १९७३ साली लंडनच्या एका प्रयोगशाळेतील मदतनीस मुलीला लागण झाली, आणि इस्पितळात तिच्या शेजारच्या खाटेवरील रोग्याला भेटायला आलेली दोन माणसे दगावली. बर्मिंगहॅमच्या प्रयोगशाळेतील उणिवा जागतिक आरोग्य संघटनेने आधीच दाखवल्या होत्या, आणि वर्षअखेर तेथील काम थांबायचेही होते. बेडसन बेपर्वा नव्हते. ते नावाजलेले संशोधक होते. म्हणूनच ही कथा अधिक चटका लावते. विद्वानाचा सद्हेतू हा काही भिंतीचा भक्कमपणा नव्हे.

८ मे १९८० रोजी देवीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. हळूहळू जगातील साठे दोनच ठिकाणी आणण्यात आले: एक अमेरिकेत अटलांटा येथे, दुसरा रशियात. जैविक शस्त्रे निषिद्ध मानणारा करार १९७५ सालीच अमलात आला होता. तरीही सोव्हिएत सरकारने हाच विषाणू युद्धासाठी तयार केला होता, असे तेथून बाहेर पडलेल्या शास्त्रज्ञाने पुढे सांगितले. साठे नष्ट करण्यासाठी १९९३ ची अखेर ठरली होती. ती तारीख टळली, पुन्हा ठरली, पुन्हा टळली. नवी औषधे आणि लसी पारखण्यासाठी साठा हवा, असे एक पक्ष म्हणतो. विषाणूची जनुकीय अक्षरे वाचून झाली आहेत, मग घरात साप पाळायचा कशाला, असे दुसरा विचारतो. दरम्यान २०१४ साली अमेरिकेतील बेथेस्डा येथे जुन्या शीतकोठीत देवीच्या विसरलेल्या कुप्या सापडल्या. २०१८ साली कॅनडातील संशोधकांनी टपालाने मागवलेल्या तुकड्यांतून घोड्यांच्या देवीचा विषाणू जुळवल्याचे प्रसिद्ध केले. तेव्हा कुलूप घालायचे ते नुसत्या कपाटाला नव्हे, हेही दिसून आले.

संशोधन थांबवावे, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. लस संशोधनानेच दिली. पण धोक्याचा प्रयोग हा केवळ प्रयोग करणाराच्या जिवाशी खेळ नसतो. भिंतीपलीकडे, वरच्या मजल्यावर, आपल्या कामात गढलेले कोणीतरी असते, आणि त्याची संमती कोणी विचारलेली नसते. नियम करायचे ते त्याच्यासाठी, आणि इशारा मिळताच काम थांबवायचे तेही त्याच्यासाठी. आजीच्या दंडावरची खूण आपल्या नातवंडांच्या दंडावर नाही. आपण जिंकलो, याची ती साक्ष आहे. आणि देवी पुन्हा बाहेर पडलीच, तर ही पोरे उघडी आहेत, याचीही.