इस्पितळातले डोहाळे

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला, तेव्हा माझ्या मनात आले ते १९७८ सालच्या श्रावणातले इस्पितळ.

त्या वर्षी मला सातवा महिना होता. ओटभरणाचा दिवस ठरला, हिरवी साडी आणून झाली, आणि तपासणीत रक्तदाब चढलेला निघाला. पायांवर सूज होतीच. डॉक्टरांनी त्याच दिवशी दाखल करून घेतले. पुढचे पाच आठवडे मी डाव्या कुशीवर पडून काढले. भेटीची वेळ संध्याकाळी एक तास. उरलेले तेवीस तास भिंतीकडे पाहायचे आणि बाळ हलते आहे ना, याचा कानोसा घ्यायचा.

शेजारच्या खाटेवर साताऱ्याकडच्या एक बाई होत्या. मी त्यांना वहिनी म्हणत असे. त्यांची दोन मुले आधी पोटातच गेलेली. रात्री दिवे मंद झाले की त्या अगदी हळू आवाजात जात्यावरच्या ओव्या म्हणत. पहिल्या रात्री परिचारिका त्यांना गप्प करायला आली, घटकाभर ऐकत उभी राहिली आणि "जरा हळू हं," एवढेच म्हणून गेली. ओटभरणाच्या ठरल्या दिवशी वहिनींनी माझ्यासाठी मुद्दाम डोहाळ्यांचे गाणे म्हटले. त्या रात्री मला कितीतरी दिवसांनी झोप लागली.

हा केवळ माझ्या मनाचा खेळ होता काय? पुढे या विषयावर मिळेल ते वाचत गेले. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ सालच्या आपल्या शुश्रूषेवरील पुस्तकात लिहिले आहे की, निष्कारण आवाज रोग्याला पीडा देतो, पण माणसाचा गळा आणि अखंड सूर देणारी वाद्ये त्याला बहुधा मानवतात. मात्र संगीताचा खर्च सर्वत्र झेपणारा नाही, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. १९१४ साली पेनसिल्व्हानियातील डॉ. इव्हान केन यांनी शस्त्रक्रियेच्या खोलीत फोनोग्राफ लावल्याचे एका वैद्यकीय नियतकालिकात कळविले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील इस्पितळांत जखमी सैनिकांसाठी गायक-वादक जाऊ लागले. तेव्हा ध्यानात आले की नुसते वाजवून भागत नाही, रोग्याचे मनही ओळखता आले पाहिजे. म्हणून १९४४ साली मिशिगनमध्ये या विद्येचा पदवी अभ्यासक्रम निघाला आणि १९५० साली तेथे तिची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली.

अवघड गर्भारपणामुळे खाटेला खिळलेल्या स्त्रीवरचे प्रयोग मात्र बरेच पुढचे. २००९ साली चीनमधील अशा १२० स्त्रियांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज अर्धा तास, तीन दिवस संगीत ऐकलेल्यांची चिंता इतरांपेक्षा कमी झाली. २०१० साली अमेरिकेतून ८० स्त्रियांचा अभ्यास आला. संगीताच्या किंवा करमणुकीच्या अवघ्या एका तासाने मनावरचा ताण हलका झालेला दिसला. यात जाणकार व्यक्ती आधी त्या स्त्रीलाच विचारते, तुम्हाला काय आवडते? मग तिच्या श्वासाच्या गतीने आरंभ करून लय हळूहळू संथ करीत नेते. आमच्या वहिनींना हे कुणी शिकविले नव्हते.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगते. गाण्याने रक्तदाब उतरेल असे मानून कोणी गोळी चुकवू नये, की दाखल व्हायला उशीर करू नये. उलट, सक्तीने पडून राहण्याचा तो उपाय मात्र आता डॉक्टर सरसकट सांगत नाहीत. त्याचा लाभ सिद्ध झाला नाही, आणि पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचे भय असते.

वहिनींचे ते बाळही राहिले नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यांना घरी सोडले. निघताना त्या दारातूनच माझ्याकडे पाहून गेल्या, जवळ आल्या नाहीत. का आल्या नाहीत, हे आपणा बायकांना वेगळे सांगायला नको. आणि मीही त्यांना हाक मारली नाही. माझ्या पोटातल्या बाळाची मला भीती वाटली. पुढचे दोन आठवडे त्या खोलीत रात्री कोणीच गायले नाही. मला मुलगी झाली, आज ती दोन मुलांची आई आहे. पण त्या न मारलेल्या हाकेची रुखरुख अजून गेलेली नाही.

म्हणून मंडळाला माझी एक सूचना आहे. आपल्याकडे भजनाचा वर्ग आहे, ओव्या येणाऱ्या आजीबाई आहेत. जवळच्या प्रसूतिगृहाची रीतसर परवानगी घेऊन आठवड्यातून एक तास आपण जावे. आधी त्या स्त्रीला विचारावे, नको म्हणाली तर मुकाट्याने परतावे. हो म्हणाली तर हळू आवाजात, तिला हवे ते म्हणावे. आणि जिची कूस रिकामी झाली असेल, तिच्या खाटेशी आधी बसावे. तिथे गाणे म्हटलेच पाहिजे असे नाही.