दुपारी माळवदाखाली, रात्री पत्र्याखाली : धाराशिवची घरं, १९९३ चा भूकंप आणि ‘हरित बांधकामा’चा प्रश्न



पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी जो प्रस्ताव मांडला होता, तो मला अगदी पक्का वाटत होता. धाराशिव जिल्ह्यातली जुनी दगड-मातीची घरं उन्हाळ्यात थंड राहतात. त्यांना सिमेंट जवळपास लागत नाही. जगभरातल्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनापैकी सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंट उत्पादनाचा आहे. म्हणून गावोगावी सभा घ्यायच्या, लोकांना मातीच्या घरांचं महत्त्व सांगायचं आणि त्यातून शाश्वत जीवनशैलीचा प्रसार करायचा, अशी सगळी आखणी होती. एमएस्सी पर्यावरणशास्त्राची, त्यामुळे तापमान मोजायची यंत्रंही तयार ठेवली होती.

पहिली सभा लोहारा तालुक्यातल्या एका गावात झाली. (गावाचं नाव देत नाही, मुलाखतीच्या वेळी तसं कबूल केलं होतं.) मी दहा मिनिटं बोलले. मागं बसलेल्या एक आजी म्हणाल्या, “पोरी, तुझ्या पुस्तकात माती थंड असंल. आमच्या अंगावर पडली व्हती ती.” सभा तिथंच संपली. कुणी रागावलं नाही. चहा झाला आणि लोक उठून गेले.

माझ्या प्रस्तावात भूकंपाला एक ओळ दिली होती, तीही ‘अभ्यासक्षेत्राची ओळख’ या भागात. आजचा लेख त्या एका ओळीबद्दल आहे. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी तो आपल्या विषयाला लावून बघावा.

त्या रात्री काय पडलं?

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून गावं झोपली होती. किल्लारीच्या परिसरात सुमारे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातली किल्लारी, मंगरूळ, तळणी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली सास्तूर, होळी, राजेगाव ही गावं ढिगाऱ्यात गेली. मृतांचा आकडा काही अहवालांत ७,९२८ तर काही ठिकाणी ९,७४८ असा आढळतो. १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये किल्लारी भागात छोटे धक्के बसले होते, पण तेव्हाच्या भूकंप नकाशावर हा सगळा प्रदेश सर्वात कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. २००२ मध्ये नकाशा सुधारला तेव्हा हा भाग तिसऱ्या पट्ट्यात आला.

६.२ तीव्रतेच्या मानानं मृत्यू फार जास्त होते. कारण शोधायला घरात शिरावं लागतं. आपल्याकडच्या जुन्या घराला आपण माळवदाचं किंवा धाब्याचं घर म्हणतो. घर खणांवर मोजतात. लाकडी खांब, त्यावर तुळया, वर फळ्या नाहीतर काटक्या आणि त्यावर मातीचा जाड थर. भिंती काळ्या दगडाच्या, चिखलात रचलेल्या, दोन फुटांपासून पुढं कितीही जाड.

बाहेरून भरभक्कम दिसणारी ही भिंत आतून एक नसते. बाहेरच्या बाजूला एक दगडी पडदा, आतल्या बाजूला दुसरा, आणि मध्ये गोटे व चिखलाची भर. दोन्ही पडद्यांना धरून ठेवणारा आरपार जाणारा लांब दगड क्वचितच घातलेला असे. जमीन हलली की दोन पडदे एकमेकांपासून सुटतात, भिंत फुगते आणि ढासळते.

वरची मातीही दरवर्षी वाढत गेलेली. पावसाळ्याआधी माळवद गळू नये म्हणून नवी माती टाकायची, जुनी काढायची नाही. दोन-तीन पिढ्यांत हा थर किती होतो? अर्धा मीटर धरू. मातीचं वजन दर घनमीटरला १,६०० किलो धरलं, तर एका चौरस मीटरवर ८०० किलो होतात. दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर जवळपास साडेसात टन. झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर एवढं वजन होतं. आजींचं वाक्य शब्दशः खरं होतं.

पण त्याच रात्रीच्या दुसऱ्या नोंदीही आहेत. ज्या घरांत माळवदाचं वजन भिंतीवर नव्हतं, लाकडी खांबांवर होतं, तिथं काही ठिकाणी भिंती बाहेर पडल्या आणि खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला. हलक्या छपराच्या झोपड्यांत राहणारी बरीच गरीब माणसं वाचली. म्हणजे प्रश्न दगड वापरला की माती वापरली एवढाच नव्हता. भिंत बांधली कशी आणि वर वजन किती ठेवलं, हा होता.

धडा कुठला घेतला गेला?

लोकांनी मात्र साधा, सरळ धडा घेतला. दगड-माती मारते, सिमेंट वाचवतं. ज्यांनी आपली माणसं ढिगाऱ्यातून काढली, त्यांना दुसरा कुठला धडा सुचणार होता?

सरकारनं जागतिक बँकेच्या मदतीनं महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम राबवला. सर्वात जास्त नुकसान झालेली ५२ गावं नव्या जागी वसवली. तिथं जमिनीच्या मालकीनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं मिळाली. जुन्या गावातल्या गल्ल्या, ढाळज, शेजाऱ्याच्या भिंतीला लागून भिंत हे सगळं गेलं. त्याऐवजी चौकोनी आखणी, रुंद रस्ते आणि सिमेंटची घरं आली. काही गावं मूळ जागीच पुन्हा बांधली. उरलेल्या सुमारे अडीच हजार गावांसाठी ‘दुरुस्ती आणि मजबुतीकरण’ होतं. माझ्या दृष्टीनं आपल्या विषयाचा खरा इतिहास या तिसऱ्या भागात आहे.

मजबुतीकरणाची कल्पना अशी : जुनं घर पाडू नका, त्याचा नेमका दोष काढा. भिंतीत पहारीनं ठराविक अंतरावर आरपार भोक पाडायचं, त्यात दोन्ही टोकांना आकडा केलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचं. जो लांब दगड आज्या-पणज्यांनी घातला नाही, तो आता घातला असं समजा. दरवाजा-खिडकीच्या वर तारेच्या जाळीचा पट्टा घरभर फिरवून त्यावर सिमेंटचा गिलावा करायचा, म्हणजे चारही भिंती एकमेकींना धरून राहतात. खांब आणि तुळई जिथं मिळतात तिथं तिरके आधार द्यायचे. आणि माळवदावरची जास्तीची माती उतरवायची.

भारतीय मानक संस्थेनं याच १९९३ सालात मातीची घरं, साध्या दगड-विटांची घरं आणि घरांची दुरुस्ती यांसाठी स्वतंत्र मानकं काढली : आयएस १३८२७, १३८२८ आणि १३९३५. त्यातलं १३८२८ सांगतं की दगडी भिंत साडेचारशे मिलिमीटरपेक्षा जाड नको आणि दर ६०० मिलिमीटर उंचीला, आडव्या अंतरात जास्तीत जास्त १.२ मीटरवर एक आरपार दगड हवा. दगडी घर बांधूच नका, असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही.

आजच्या भाषेत बोलायचं तर मजबुतीकरण हे सर्वात हरित बांधकाम होतं. दगड खाणीतून काढून झालेला, लाकूड कापून झालेलं, म्हणजे लागायची ती ऊर्जा पूर्वीच खर्च झालेली. वर थोडं सिमेंट, थोडी सळई, बाकी मजुरी. तेव्हा ‘हरित’ हा शब्द कुणी वापरला नाही, एवढंच.

मग ते सगळीकडे का झालं नाही? बहुतेक कुटुंबांनी अनुदानातून जुनी भिंत मजबूत करण्याऐवजी शेजारी विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली. कागदावर ती दुरुस्ती, प्रत्यक्षात नवं बांधकाम. या निवडीला अडाणीपणा म्हणणं सोपं आहे. पण भिंतीत पुरलेली सळई डोळ्यांना दिसत नाही आणि नवी खोली दिसते. ज्याला रात्री झोप यायला हवी, तो दिसणाऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवतो.

आमचं घर

हे मला अहवालांतून समजलं, पण उलगडलं आमच्याच घरी. मी भूकंपानंतर जन्मले. आमच्या घराचे पुढचे खण जुने आहेत आणि मागं भूकंपानंतर बांधलेली पत्र्याची खोली आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी त्या पत्र्याखाली बसवत नाही, म्हणून सगळे पुढं माळवदाखाली येऊन पडतात. जाड भिंत आणि जाड माती उष्णता आत पोचायला काही तास लावतात, हे मी परीक्षेत लिहिलेलं आहे. पण रात्र झाली की आजी अंथरुणं मागं न्यायला लावायची. पाऊस असो, उकाडा असो. मला वाटायचं, ही तिची सवय आहे. सभेतून परत आल्यावर मी पहिल्यांदा आईला विचारलं. आई म्हणाली, “त्या रात्रीपासनं ती माळवदाखाली झोपलीच नाही.”

दुपारी माळवद, रात्री पत्रा. माझा प्रस्ताव फक्त दुपारच्या प्रश्नाचं उत्तर देत होता. या भागात ज्याला हरित घराची गोष्ट सांगायची आहे, त्याला रात्रीच्या प्रश्नाचं उत्तर आधी द्यावं लागेल.

गावाला कुणी समजावलं?

मजबुतीकरणाच्या कामात लोकसहभागासाठी सरकारनं स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेला सोबत घेतलं. प्रेमा गोपालन यांनी उभ्या केलेल्या या संस्थेनं लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या गावांत महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून तयार केलं. अनुदान कसं मिळतं, सळई कुठं आणि का घालायची, गवंडी काम नीट करतो का, हे त्या स्वतः शिकल्या आणि घरोघरी सांगू लागल्या. बाहेरून आलेल्या इंजिनिअरचं बोलणं आणि ज्या बाईनं तीच रात्र काढली आहे तिचं बोलणं, यात फरक पडणारच. २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा इथल्या बायका तिकडच्या बायकांना अनुभव सांगायला गेल्या. पुढं याच संस्थेनं आपल्या दुष्काळी पट्ट्यात बायकांच्या हाती एक एकराची, कमी पाण्याची आणि घरात खायला पिकवणारी शेती दिली. २०१६ मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. शाश्वत जीवनशैली हा शब्द ज्या कामाला लावता येईल, त्याची सुरुवात इथं भिंतीच्या दुरुस्तीतून झाली, हे लक्षात घ्या.

कच्छची तुलना आणखी एका कारणानं उपयोगी आहे. तिथल्या गोल मातीच्या भुंग्यांनी २००१ चा धक्का चांगला सोसला. त्यामुळे भुंग्यांची माती भरवशाची ठरली आणि आपल्याकडची माती बदनाम झाली. पदार्थ एकच, पण दोन प्रदेशांच्या आठवणी वेगळ्या. म्हणून कच्छमधलं यश दाखवणारा लेख जसाच्या तसा धाराशिवला लावता येत नाही.

तुमच्या कामासाठी काही गोष्टी

एक, जागेची नावं तपासा. १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर जिल्हा वेगळा झाला, त्याआधीच्या कागदांत किल्लारीही उस्मानाबाद जिल्ह्यात सापडेल. १९९३ च्या नोंदींत सास्तूर उमरगा तालुक्यात दिसेल, कारण लोहारा तालुका नंतर झाला. आणि आता जिल्ह्याचं नाव धाराशिव. एकाच नावानं शोधलंत तर निम्मं साहित्य हातून जाईल.

दोन, सरकारी शब्दांचाही इतिहास असतो. घरकुल योजनांत मातीची भिंत म्हणजे ‘कच्चं’ घर. कच्चं-पक्कं हा भेद पदार्थावरून ठरतो, बांधणीवरून नाही. आरपार दगड नसलेली जाड भिंत दिसायला पक्की असते, आणि १९९३ नं तिचा कच्चेपणा दाखवला.

तीन, लोक आपला मुद्दा ऐकत नाहीत तेव्हा ‘जनजागृतीचा अभाव’ असं लिहून मोकळं होऊ नका. मीही पहिल्या मसुद्यात तेच लिहिलं होतं. त्या गावाला माहिती कमी नव्हती, माझ्यापेक्षा जास्त होती.

माझ्या प्रस्तावाचं शीर्षक आता बदललं आहे. मातीची घरं पुन्हा बांधा, असा प्रचार त्यात उरलेला नाही. जी जुनी घरं अजून उभी आहेत, त्यांच्या भिंती बांधून घेतल्या आणि माळवदाचं ओझं उतरवलं, तर त्यांची थंडाई टिकून घर रात्रीही वापरात येईल का, हा प्रश्न आहे. माती उतरवली की उष्णताही लवकर आत येणार, तेव्हा किती माती ठेवायची हे मोजावं लागेल. तापमानाची यंत्रं आता त्यासाठी कामाला आली.

आणि मुलाखतीत पहिला प्रश्न मी हल्ली एकच विचारते : “तुम्ही रात्री कुठं झोपता?” पुढच्या फेरीत त्या आजींकडे पुन्हा जाणार आहे. या वेळी बोलणार कमी.