दुष्काळाची संहिता

संकट येण्यापूर्वींच संस्थेनें त्याच्या बंदोबस्ताचे नियम लिहून ठेवावेत, ही कल्पना अलीकडे कारखान्यांत व बँकांत मोठ्या नवलाईनें सांगितली जाते. करमाळ्याकडील माणसास तिचें नवल वाटूं नये. भीमा आणि सीना ह्या दोन नद्यांमधला हा अवर्षणाचा मुलूख. अशाच मुलखांच्या हालांतून ते नियम प्रथम निघाले.

१८७६ सालीं सोलापूर जिल्ह्यांत पावसानें दगा दिला. सरकारनें रस्त्यांचीं व तलावांचीं कामें काढलीं. पण मजुरी किती द्यावी ह्याचें पक्कें मान नव्हतें. अशा वेळीं हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधि म्हणून सर रिचर्ड टेंपल आले. हे गृहस्थ १८७४ सालीं बिहारांत सढळ हातानें खर्च करून माणसें वाचविल्याबद्दल टीकेचे धनी झालेले. ह्या खेपेस त्यांनीं हात आखडला. १८७७ च्या आरंभीं पुरुषाची रोजची मजुरी १ पौंड धान्याची किंमत व वर अर्धा आणा इतकी उतरली. १ पौंड म्हणजे आपला जेमतेम अर्धा शेर! खडी फोडणाऱ्यानें एवढ्यावर जगावें कसें? हजारों मजूर कामें सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू मांडली. तिकडे मद्रासेंत डॉ. कॉर्निश ह्यांनींही ह्या शिध्यावर कडक टीका केली. माझ्या मतें संहितेचा खरा उगम ह्या भांडणांत आहे. स्ट्रेची कमिशनचा १८८० चा अहवाल मागाहून आला.

त्यावरून १८८३ त मसुदा झाला व प्रांतोप्रांतीं संहिता तयार झाल्या. चांचणीदाखल काम केव्हां काढावें, अशक्तांस घरबसल्या काय द्यावें, सारा कधीं तहकूब करावा, हें त्यांत ठरलें. पण संहिता इंग्रजींत, कचेरीच्या कपाटांत! १८९६ च्या दुष्काळांत टिळकांनीं व सभेनें तिचीं कलमें मराठींत लोकांपर्यंत पोंचविलीं, तेव्हां पुष्कळांस कळलें कीं सरकारनें स्वतःस बांधून घेतलें आहे. पुढच्याच वर्षीं सभेची मान्यता काढून घेण्यांत आली, ह्यावरून हें ज्ञान किती झोंबलें तें दिसतें.

एक दोर मात्र सरकारच्याच हातीं राहिला होता, तो म्हणजे दुष्काळ जाहीर करण्याचा. १९४३ सालीं बंगालमध्यें संहिता होती. ती लागूच केली गेली नाहीं. सरकारी चौकशी कमिशनच्या हिशोबानेंच सुमारें १५ लक्ष माणसें मेलीं.

महाराष्ट्रांत १९७२ च्या दुष्काळांत लाखों लोक कामांवर आले, आणि १९७७ च्या रोजगार हमी कायद्यानें हा दोर मजुराच्या हातीं दिला. दुष्काळ जाहीर होवो न होवो, मागेल त्यास काम. १५ दिवसांत तें न मिळाल्यास भत्ता. तो दिवसास १ रुपयाहून कमी नसावा, असें त्यांत लिहिलें होतें.