सावलीतला वाफा

नव्या दिल्लीचा इतिहास बहुधा दगडांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. राष्ट्रपती भवनाचा घुमट, कनॉट प्लेसचे गोल खांब, लाल-पिवळा वालुकाश्म यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु बदली होऊन येथे आलेल्या महाराष्ट्रीय अधिकाऱ्याचा या नगराशी पहिला घरगुती संबंध जुळतो, तो सरकारी निवासाच्या कुंपणालगतच्या एका चिंचोळ्या वाफ्याशी. वर जुन्या झाडाचा गच्च विस्तार, बाजूला भिंत. माघात चार फुले, आणि एप्रिल उजाडला की नुसती धूळ! हा दोष माळ्याच्या आळसाचा आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती खरी नव्हे. त्या वाफ्याच्या ओसाडपणालाही इतिहास आहे, आणि तो कस्तुरबा गांधी मार्गाच्या आश्रयाने सांगावा, असे आम्ही योजिले आहे.

कनॉट प्लेसच्या बाह्य वर्तुळातून निघून आग्नेयेस इंडिया गेटकडे जाणारा हा रस्ता एके काळी कर्झन रोड या नावाने ओळखला जाई. ज्या व्हाइसरॉयने बंगालची फाळणी केली त्याचे नाव पुसून, १९४४ साली पुण्याच्या आगाखान राजवाड्यात बंदिवासात देह ठेवणाऱ्या कस्तुरबांचे नाव त्याला मिळाले. महाराष्ट्राचे नवे सदनही २०१३ सालापासून याच मार्गावर उभे आहे. तेव्हा या रस्त्याच्या सावलीत काय उगवते, हा प्रश्न आपल्यालाही अगदीच परका नाही.

१९११ च्या दरबारात राजधानी कलकत्त्याहून हलविण्याची घोषणा झाली. पुढच्याच वर्षी नगररचना समिती दिल्लीत आली. तिच्या सदस्यांत वास्तुशिल्पी एडविन लच्यन्स होते. फेब्रुवारी १९३१ मध्ये नव्या राजधानीचे उद्घाटन झाले. मधल्या काळात इमारतींच्या बरोबरीने झाडेही वाढत होती. इंग्लंडमधील क्यू उद्यानात शिकून आलेले डब्ल्यू. आर. मस्टो यांच्याकडे लागवडीचे काम होते. हुमायूनच्या मकबऱ्यालगतच्या जुन्या बागेत रोपवाटिका उघडण्यात आली. तीच आजची सुंदर नर्सरी. रस्त्यांसाठी मोजक्याच जाती निवडण्यात आल्या. जनपथाला अर्जुन, अकबर रोडला चिंच, अशोक रोडला जांभूळ, लोदी रोडला कडुनिंब. निवडीचे मुख्य सूत्र असे होते की, झाड शक्य तो वर्षभर हिरवे असावे आणि ते रस्त्याला अखंड छत्र धरील इतके मोठे व्हावे. पानगळीने उघडी पडलेली राजधानी राज्यकर्त्यांच्या डोळ्यांना नको होती.

छत्र झाले, पण छत्राखालच्या भूमीचा विचार कोणी केला? तो झाला नाही, याचे कारण मोठे मनोरंजक आहे. लच्यन्स यांनी इंग्लंडात गर्ट्रूड जेकिल या विख्यात उद्यानविदुषीबरोबर वर्षानुवर्षे काम केले होते. रंगांच्या क्रमाने फुलझाडे रचलेली लांब, कडेची पट्टी ही जेकिलबाईंची ख्याती. इंग्लंडात ती वसंतात जागी होते, उन्हाळ्यात बहरते आणि हिमात झोपी जाते. दिल्लीत हे ऋतुचक्र उलटे फिरते. येथे सप्टेंबर-ऑक्टोबरात बी पेरावे, जानेवारी ते मार्च फुले पाहावीत आणि पुढे सर्व करपू द्यावे. साहेबाला त्यात काही उणे वाटले नाही, कारण करपण्याच्या वेळी तो दिल्लीत नसेच. उन्हाळा लागला की हिंदुस्थान सरकार सिमल्यास जाई. सरकारी बागेचे वर्ष त्यामुळे सहा महिन्यांचेच होते. फुलांची वेळ आणि साहेबाची वेळ यांचा मेळ तंतोतंत बसला होता. उरलेल्या काळात वाफा उन्हात तापला काय आणि सावलीत सुकला काय, पाहणारा कोण होता?

हे वार्षिक स्थलांतर दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास थांबले. युद्धकाळात कर्झन रोडवर बराकी उठल्या. स्वातंत्र्यानंतर या परिसरात सरकारी वसतिगृहे आली. कारकून, अवर सचिव, त्यांची मुलेबाळे ज्येष्ठातही येथेच राहू लागली. बारमाही बागेची गरज बारमाही राहणाऱ्यालाच भासते, हे उघड आहे. परंतु वाफ्याची जुनी रीत मात्र तशीच वारशाने आली. आजही पुष्कळ सरकारी आवारांत ऑक्टोबरात लगबग आणि एप्रिलात ओसाडी हाच क्रम चालतो. सिमल्याची वाट बंद होऊन इतकी वर्षे लोटली, तरी आमचे वाफे अजून सिमल्यास जातात!

त्यात सावलीचे रूपही पालटले आहे. बंगल्यांच्या जागी या मार्गावर उंच इमारती आल्या, आणि इमारतीची सावली ही झाडाची सावली नव्हे. दिल्लीत डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून अवघा ३८ अंश वर असतो, तर जूनमध्ये तो सुमारे ८५ अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर येतो. तीस मीटर उंचीच्या इमारतीची मध्यान्हीची सावली हिवाळ्यात उत्तरेस ३८ मीटर लांब पडते; उन्हाळ्यात ती तीन मीटरही भरत नाही. म्हणजे ज्या वेळी रोपाला ऊन हवे त्या वेळी गारठा, आणि सावली हवी त्या वेळी आग. झाड त्यापेक्षा दयाळू असते. त्याची सावली चाळणीतून गळावी तशी पडते, आणि कडुनिंबासारखे झाड फाल्गुन-चैत्रात पाने बदलते तेव्हा काही दिवस खालीही उजेड पोहोचतो. मात्र त्याची मुळे वाफ्याचे पाणी पितात. म्हणून झाडाखालचा वाफा थंड असला तरी कोरडा असतो, आणि इमारतीमागचा वाफा कधी ओला, कधी भाजलेला. आपल्या वाट्याला कोणती सावली आली आहे हे ठरविल्यावाचून रोप आणणे म्हणजे पत्ता न पाहता पत्र टाकणे होय.

झाडाखालच्या सावलीपुरते पाहिले, तर उपाय आपल्या परसात पूर्वीपासून आहे. कोकणातले अंगण माडा-फणसाच्या सावलीतच नांदते, आणि तेथली पुष्कळ झाडे दिल्लीतही तग धरतात. पाऊस मात्र येथे वर्षाकाठी सुमारे ७५ सेंटिमीटर, आणि तोही बहुतेक जुलै ते सप्टेंबरात. एवढे अंतर ध्यानी ठेवावे. चैत्रात पानांवाचून थेट मातीतून उमलणारा भुईचाफा लावावा. वैशाखात, पारा ४५ अंशांकडे धावत असता, सावलीत लाल चेंडू उभे करणारी फुटबॉल लिली आहे. आषाढ-श्रावणात कुंतीचा सुगंध. तिची कुंपणे दिल्लीला नवी नाहीत. भाद्रपदात सोनटक्का, पण तो नळाजवळच्या ओलीत. आश्विनात प्राजक्त, तोही वाफ्याच्या उघड्या टोकाला, कारण दाट सावलीत त्याची फुले उणावतात. कार्तिक-मार्गशीर्षात जांभळी कोरांटी. माघात सिनेरारिया, मूळची कॅनरी बेटांची ही हंगामी फुले अर्ध्या सावलीत रमतात. आणि फाल्गुनात अडुळसा, जो दिल्लीच्या रिजवर कोणी न लावताच वाढतो. या क्रमात पौषाची फट राहते. ती फुलांनी नव्हे, पानांनी भरावी. नेचे, ड्रेसीना, पांढऱ्या रेघांचे क्लोरोफायटम ही फुलांची उणीव फारशी जाणवू देत नाहीत. सावलीच्या वाफ्यात पान हा मुख्य गायक आहे आणि फूल ही तान आहे.

लागवड पावसाच्या आरंभी करावी. झाडाच्या बुंध्याशी मातीचा ढीग न घालता, मुळांच्या मधल्या खोबणींत पालापाचोळ्याचे खत भरून तेथेच रोपे बसवावीत. दिल्लीत वसंतात जाळला जाणारा पाला हेच या वाफ्याचे अन्न आहे. तो कुजवून ठेवला तर पुढच्या आषाढात तयार खत हाती येते.

येथे एका महाराष्ट्रीयाचे स्मरण अप्रस्तुत होणार नाही. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि १९५० ते १९५६ या काळातले अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक मिळविले होते, आणि बागकाम हा त्यांचा जन्माचा छंद होता. कालिदासाचे मेघदूत मराठीत आणणाऱ्या या प्रशासकाला ऋतूंचे भान पोथीतून आणि मातीतून असे दोन्हीकडून लाभले होते. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडले. दिल्ली मात्र सोडली नाही. लोदी उद्यानाला लागून १९६२ साली उघडलेल्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरचे ते पहिले अध्यक्ष. पद गेले म्हणून ज्याने नगराशी नाते तोडले नाही, त्याचे उदाहरण बदलीवरच्या माणसाने जवळ बाळगावे.

कस्तुरबा गांधी मार्गावरच, चार्ल्स कोरिया यांनी रचलेल्या आणि १९९२ साली पुऱ्या झालेल्या ब्रिटिश कौन्सिलच्या दर्शनी भागावर, हॉवर्ड हॉजकिन यांनी पांढऱ्या मकराना संगमरवरात काळ्या कडप्प्याने एका महावृक्षाची छाया पसरली आहे. ती छाया ऋतूंच्या पलीकडची आहे. तिच्याखाली काही लावावे लागत नाही. जिवंत झाडाखाली मात्र दरवर्षी कोणाला तरी ओणवे व्हावे लागते.

‘तीन वर्षांचा तर मुक्काम, झाडे कशाला लावायची?’ हा प्रश्न आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. हा प्रश्नच मुळी सिमल्याचा आहे. ऑक्टोबरात पेरून मार्चात पाहणे हे पाहुण्याचे बागकाम झाले. सोनटक्क्याचा आणि भुईचाफ्याचा कंद मात्र दरवर्षी जमिनीत वाढत जातो आणि लावणाऱ्याची बदली झाल्याचे त्याला कळत नाही. निवास सोडताना पंखे, दिवे, कपाटे मोजून सही घेतली जाते. जमिनीखालचे कंद कोणी मोजीत नाही. पुढच्या चैत्रात त्या घरातल्या अनोळखी कुटुंबाला कोरड्या मातीतून अकस्मात एक जांभळट फूल वर आलेले दिसते, आणि ते कोणी लावले याची चौकशी सुरू होते. तेवढी चौकशी मागे ठेवून गेलेला अधिकारी त्या घरात नुसता राहिला नाही, वसला होता, असे म्हणण्यास हरकत नाही.