कारणे अर्ज करते की...

शाळेत असताना मी तीसेक वर्षं मुलांना अर्जलेखन शिकवलं. उजव्या कोपऱ्यात तारीख, मग 'प्रति', मग विषय आणि ठरलेलं वाक्य, "कारणे अर्ज करते की..." शेवटी 'आपली विश्वासू'. एवढं बरोबर आलं की पाचातले चार गुण हमखास. अर्जदाराला खरोखर काय हवंय आणि ते द्यायचं की नाही हे कोण ठरवणार, हा प्रश्न ना मला पडला, ना मुलांना.

तो पडला गेल्या दिवाळीत. माझी एक जुनी विद्यार्थिनी फराळाला आली होती. रसायनशास्त्रात एम.एस्सी., नेट उत्तीर्ण, पण जेआरएफ थोडक्यात हुकलेलं. म्हणजे पीएच.डी. करायची तर पैशाची सोय दुसरीकडे बघायची. "बाई, हे जरा नजरेखालून घालता का?" म्हणून तिने पंधरा पानांचा इंग्रजी अर्ज पुढे ठेवला. मी मराठी माध्यमाची बी.ए., मला त्यातलं शास्त्र कुठून कळणार! पण जाताजाता तिने सांगितलेलं मात्र डोक्यात राहिलं. मागच्या वर्षी अशाच एका शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत तिला विचारलं होतं, लग्नाचं काय ठरवलंय? मधेच सोडून गेलीस तर पैसे वाया जायचे. ती गप्प बसली. "काय बोलायला हवं होतं, बाई?"

मला उत्तर सुचलं नाही. मी तिला कमलाबाईंची गोष्ट सांगितली.

दुर्गाबाई भागवत आपल्याला ठाऊक असतात. कऱ्हाडचं १९७५चं संमेलन आणि आणीबाणीतला त्यांचा ताठ कणा आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिला. त्यांची धाकटी बहीण कमला, पुढे डॉ. कमला सोहोनी, ही मात्र मला बरीच उशिरा कळली. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघेही रसायनशास्त्रज्ञ, दोघेही बंगळूरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत शिकलेले. कमला १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाली, गुणवत्ता यादीत पहिली आली, आणि वडिलांच्याच संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. गुण होते, घराण्याचा वारसा होता. नाकारण्यासारखं त्या अर्जात काही नव्हतं.

अर्ज नाकारला गेला. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन, तीन वर्षांपूर्वीच नोबेल मिळालेले. कारण एकच, अर्जदार स्त्री आहे.

दर २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी मी फळ्यावर रंगीत खडूने रामन यांचं चित्र काढत असे. त्यांच्या कामाबद्दलचा आदर आजही तसाच आहे. पण हेही त्याच माणसाचं.

कमला परत गेली नाही. थेट बंगळूर गाठलं आणि गांधीजींच्या वाटेने रामन यांच्या दारात सत्याग्रह मांडला. शेवटी प्रवेश मिळाला, तोही अटींवर. नियमित विद्यार्थिनी म्हणून घेणार नाही. एक वर्ष काम बघू, संचालकांची खात्री पटेपर्यंत ते काम मान्य धरणार नाही. आणि तिच्यामुळे पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये! म्हणजे परीक्षा हिची, आणि लक्ष दुसऱ्यांचं भरकटलं तरी दोष हिचाच. तिने ते मान्य केलं. श्रीनिवासय्या नावाच्या शिक्षकांच्या हाताखाली दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम केलं. वर्ष संपल्यावर रामन यांची खात्री पटली आणि त्यानंतर संस्थेचं दार मुलींसाठी उघडलं. १९३६ साली एम.एस्सी., मग शिष्यवृत्ती मिळवून केंब्रिज. तिथे बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असतं हे तिने दाखवलं. श्वसनाच्या क्रियेतला तो महत्त्वाचा दुवा. चौदा महिन्यांत काम पुरं झालं, प्रबंध अवघा चाळीस पानांचा, आणि १९३९ साली पीएच.डी.

"चाळीस पानं?" माझी विद्यार्थिनी म्हणाली, "माझा नुसता अर्ज पंधरा पानांचा आहे, बाई!"

आम्ही दोघी हसलो खऱ्या, पण कमलाबाई ते वर्ष विसरल्या नाहीत. १९९७ साली, पंच्याऐंशी उलटल्यावर, महिला वैज्ञानिकांनी केलेल्या सत्कारात त्यांनी तो अपमान बोलून दाखवला. चौसष्ट वर्षांनी.

गंमत बघा. ज्या जमशेटजी टाटांच्या देणगीतून ती संस्था उभी राहिली, त्यांनीच १८९२ साली परदेशी उच्च शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती सुरू केली होती. तिच्या पहिल्या मानकऱ्यांत दोन स्त्री-डॉक्टर होत्या, फ्रेनी कामा आणि आपल्या कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर. पैसे देणाऱ्याला जी अडचण वाटली नव्हती, ती चाळीस वर्षांनी त्याच्याच संस्थेत, दारावर बसलेल्याला वाटली.

आणि दार उघडलं म्हणजे सगळं सुटलं असंही नाही. अण्णा मणी १९४० साली त्याच संस्थेत रामन यांच्या प्रयोगशाळेत आल्या, शिष्यवृत्ती घेऊन. हिऱ्यांच्या प्रकाशगुणांवर काम केलं, एकटीच्या नावावर पाच शोधनिबंध लिहिले. १९४५मध्ये प्रबंध मद्रास विद्यापीठाकडे गेला, तर म्हणे एम.एस्सी. नाही, सबब पीएच.डी. नाही. तो प्रबंध रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात इतर प्रबंधांच्या बरोबरीने ठेवलेला आहे, फक्त पदवीविना. मग सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला जायचं ठरलं. त्यांना हवं होतं भौतिकशास्त्र, उपलब्ध होती ती हवामानाच्या उपकरणांसाठीची. तीच घेतली. १९४८ साली परत येऊन पुण्याच्या वेधशाळेत रुजू झाल्या, आणि परदेशातून मागवावी लागणारी उपकरणं इथे बनवण्याचं काम उभं केलं. देशाचा फायदा झाला, यात वाद नाही. पण हिऱ्यांचं काय झालं असतं, हे मला राहून राहून वाटतं. शिष्यवृत्ती ज्या विषयाची निघाली, त्या विषयाकडे आयुष्य वळलं.

विद्यार्थिनीलाही मी हेच विचारलं, "हा विषय तुझा, की जाहिरातीतला?" ती जरा थांबली. म्हणाली, "अर्धा अर्धा."

पैशाचं आता बरं आहे म्हणतात. जेआरएफची रक्कम २०१९मध्ये पंचवीस हजारांची एकतीस झाली, तीही मुलं रस्त्यावर उतरल्यावर. २०२३पासून सदतीस हजार. तिच्या एका मैत्रिणीला मात्र सात महिने त्यातला रुपयाही मिळाला नव्हता. घरभाडं भावाने भरलं.

त्या संध्याकाळी आम्ही अर्ज पुन्हा वाचला. शुद्धलेखनाच्या दोन चुका मी इंग्रजीतही काढल्याच, सवय जात नाही. जाताना तिने चकलीचा डबा घेतला आणि कमलाबाईंच्या प्रबंधाची पानं पुन्हा एकदा विचारून घेतली.

मुलाखतीचं पत्र परवा आलं. पुढच्या महिन्यात आहे. तो प्रश्न पुन्हा विचारला तर काय म्हणायचं, यावर आमचं फोनवर दोनदा बोलणं झालं. अजून ठरलेलं नाही.