पाण्याची बाटली, उंदीर आणि मेंदूतले घड्याळ

१/ १९४० साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात साडेतीन वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध झाली. हा मुलगा मिठासाठी विलक्षण हट्ट धरीत असे, चमच्याने नुसते मीठ खात असे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तपासणीसाठी दाखल केल्यावर त्याला तेथील नेहमीचा आहार सुरू झाला. मीठ हवे तेवढे मिळेना, आणि आठवडाभरातच तो दगावला. शवविच्छेदनानंतर उलगडा झाला की, त्याच्या अधिवृक्क ग्रंथी निकामी होत्या. शरीरात मीठ टिकतच नव्हते. ज्याला सारे खोड समजत होते, ती त्याची जगण्याची धडपड होती.

२/ ही हकीकत लिहिणाऱ्या दोघांपैकी एक होते कर्ट रिक्टर. चार वर्षे आधी, १९३६ मध्ये, त्यांनी हेच उंदरांत दाखवले होते. अधिवृक्क ग्रंथी काढलेला उंदीर एरवी मरतो. पण पिंजऱ्यात साध्या पाण्याशेजारी मिठाच्या पाण्याची बाटली ठेवली, तर तो ती भराभर रिकामी करतो आणि जगतो. प्राणी काय पितो आणि किती पितो, ही त्याच्या शरीराने दिलेली साक्ष आहे, हे रिक्टर यांचे मुख्य प्रतिपादन. आजच्या या मालिकेचा विषय हीच साक्ष आणि ती वाचताना झालेल्या चुका.

३/ रिक्टर यांचा दुसरा ध्यास होता वेळेचा. १९२२ च्या त्यांच्या प्रबंधाचा विषयच मुळी उंदराची स्वयंस्फूर्त हालचाल हा होता. उंदीर निशाचर, त्याचे धावणे, खाणे, पिणे बहुतांशी रात्री चालते. त्याला अखंड अंधारात ठेवले तरी ही लय मोडत नाही, फक्त ती अचूक २४ तासांची राहत नाही. रोज थोडी पुढे किंवा मागे सरकते. म्हणजे घड्याळ बाहेर नाही, आत आहे. मग ते नेमके कुठे आहे? रिक्टर यांनी ग्रंथी काढल्या, उंदरांना आंधळे केले, मेंदूच्या निरनिराळ्या भागांना इजा करून पाहिली. शोध हायपोथॅलॅमसपर्यंत येऊन ठेपला. नेमकी जागा मात्र त्यांच्या हाती लागली नाही.

४/ दरम्यान मोजमापाची साधने सुधारली. १९५१ मध्ये हिल आणि स्टेलर यांनी एक साधे विद्युतयंत्र वर्णिले. उंदराची जीभ बाटलीच्या नळीला लागली की मंडल पूर्ण होते आणि एक नोंद होते. सकाळी बाटलीतले पाणी मोजून 'किती प्यायला' एवढेच कळत असे; आता 'केव्हा प्यायला' हेही कागदावर उमटू लागले.

५/ १९७२ साली कोडे सुटले. बर्कलीच्या स्टीफन आणि झुकर यांनी हायपोथॅलॅमसमधील एका सूक्ष्म जागेला, सुप्राकायाझमॅटिक केंद्रकाला, इजा केली आणि उंदरांच्या पाणी पिण्याची व चाकावर धावण्याची दैनिक लय नाहीशी झाली. त्याच वर्षी शिकागोत मूर आणि आयकलर यांनी कॉर्टिकोस्टेरॉन या संप्रेरकाची लयही तेथेच नष्ट होते हे दाखवले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबावे. दोन स्वतंत्र साक्षी, दोन वेगवेगळी मापे आणि निष्कर्ष एकच. पुराव्याला बळ येते ते असे.

६/ आता रसायनांकडे वळू. घड्याळ शस्त्राने बंद पडते हे ठीक. पण ते संथ करता येते का? येते, हे १९६८ मध्ये सूटर आणि रॉसन यांनी डिअर माऊस या अमेरिकी रानउंदरांत दाखवले. त्यांच्या पिण्याच्या पाण्यात जड पाणी, म्हणजे साध्या हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम असलेले पाणी, मिसळले. त्याचे प्रमाण जितके अधिक, तितका उंदराचा 'दिवस' लांब. एकपेशीय युग्लीनातही असाच परिणाम १९६० मध्ये ब्रूस आणि पिटेंड्रिग यांनी नोंदवला होता.

७/ दुसरे रसायन लिथियम. १९४९ मध्ये मेलबर्नजवळील बुंडूरा येथील डॉक्टर जॉन केड यांनी गिनिपिगना लिथियमचे क्षार टोचले. ते सुस्त पडून राहिले. त्यावरून केड यांनी उन्मादाच्या दहा रुग्णांना लिथियम दिले आणि गुण आला. पण त्या गिनिपिगची सुस्ती शांततेची होती की विषबाधेची? पुढील अनेक अभ्यासकांना विषबाधेचाच संशय आहे. अनुमान डळमळीत, औषध मात्र खरे ठरले. त्याची किंमतही मोजावी लागली. केड यांचा पहिला रुग्ण बरा होऊन कामावर परतला आणि १९५० मध्ये लिथियमच्या विषबाधेनेच गेला. १९४९ मध्येच अमेरिकेत मिठाला पर्याय म्हणून विकल्या गेलेल्या लिथियम क्लोराइडने माणसे दगावली आणि त्यावर बंदी आली.

८/ पुढे असा तर्क मांडला गेला की मनोविकाराच्या काही रुग्णांचे आतले घड्याळ वेगाने पळते आणि लिथियम ते संथ करते. १९८० मध्ये क्रिप्की आणि वायबोर्नी यांनी लिथियममुळे उंदरांची हालचालीची लय खरोखर संथ होते हे नोंदवले. १९९६ मध्ये क्लाइन आणि मेल्टन यांनी लिथियम पेशीतील जीएसके-३ या विकराला रोखते हे दाखवले. हे विकर पेशीतील घड्याळाच्या प्रथिनांवरही काम करते.

९/ खरी मेख येथेच आहे. लिथियममुळे मूत्रपिंड व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाला दाद देईनासे होते; लघवी वाढते आणि उंदीर दिवसरात्र पाणी पीत राहतो. मग पाण्याच्या नोंदीत दिसणारा बदल घड्याळाचा की मूत्रपिंडाचा? त्यात औषध पाण्यातूनच दिले असेल तर गुंता आणखी वाढतो. जो अधिक पितो त्याच्या पोटात औषधही अधिक जाते, तेही बहुतेक रात्री. साक्षीदार आणि त्याला दिलेली लाच एकाच बाटलीत!

१०/ यातून बाहेर पडण्याचे मार्ग संशोधकांनी शोधले. उंदराला अखंड अंधारात ठेवायचे. किती प्यायला हे बाजूला ठेवून क्रियेचा रोजचा आरंभ किती मिनिटांनी सरकतो तेवढेच पाहायचे. आणि पाण्याच्या जोडीला चाक, शरीराचे तापमान, संप्रेरके अशी इतर मापे घ्यायची. १९८३ मध्ये रेडमन, आर्मस्ट्राँग आणि एनजी यांनी मेलाटोनिन रोज ठरावीक वेळी टोचून उंदरांची सैरभैर लय २४ तासांवर आणली. तेथे औषधाची वेळ माणसाच्या हाती होती, उंदराच्या तहानेवर अवलंबून नव्हती.

११/ आज लिथियम घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातील त्याचे प्रमाण नियमित तपासले जाते आणि तहान फार वाढली का, हेही डॉक्टर विचारतात. त्या साध्या प्रश्नामागे हा सारा इतिहास आहे. साडेतीन वर्षांच्या त्या मुलाला मात्र हा प्रश्न वेळेवर कोणी विचारला नाही.

१२/ आपण दफ्तरे वाचतो तेव्हाही हेच घडते. धान्याच्या महसुलाचा आकडा घसरलेला दिसला की आपण लगेच दुष्काळ म्हणतो; तो कधी पिकाचा असतो, कधी वसुलीचा. आपल्या अभ्यासात असा एखादा आकडा भेटला असेल, तर खाली अवश्य लिहा.